शहाणं बाळ

दोघींनी पहार घालून मॅनहोलचं झाकण उलटं केलं, तसा आधी वास वर आला आणि मागोमाग झुरळं. पालिकेच्या इंजिनीअर मुलीने नाकाला रुमाल लावला. शिंपीणबाईंनी काहीच लावलं नाही. तो वास चार दिवस त्यांच्या घरी मुक्कामालाच होता.

घर रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. पुढे दुकान, मागे राहणं. गटाराचं काळं पाणी मोरीतून उलटं आत आलं होतं, शिलाई मशीनचं पायडल त्यात बुडालं होतं. मागच्या खोलीत खाटेवर सासरे पडून होते. त्यांना कूस बदलायलाही माणूस लागायचं. पाणी खाटेला टेकायला चार बोटं उरली होती.

"चार दिवस फोन करतेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "तुमचे लोक म्हणतात, स्क्रीनवर तुमची गल्ली हिरवी दिसतेय, लाल झाल्याशिवाय उपसायची गाडी सुटत नाही. मी म्हटलं, इथे येऊन रंग बघा."

मुलगी त्यांच्यासाठी आलीच नव्हती. झाकणाच्या आतल्या अंगाला वाटीएवढं यंत्र बसवलेलं होतं, ती त्याच्यासाठी आली होती. गटाराची पातळी मोजायची आणि पोटातल्या सिमकार्डावरून ऑफिसला कळवायची, एवढंच त्याचं काम. पण कळवायला बॅटरी लागते, आणि एकच बॅटरी दहा वर्षं पुरेल असं साहेब सगळ्यांना सांगून बसले होते. म्हणून नियम झाला: पातळी बदलली तरच बोलायचं, एरवी झोपायचं. यंत्र गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. या गल्लीतल्या यंत्राने तर वर्षभरात चकार शब्द काढला नव्हता. बॅटरी नव्व्याण्णव टक्के शिल्लक. साहेबांना त्याचं भारी कौतुक. बाकीच्या चार हजार यंत्रांना त्याचाच कित्ता गिरवायला लावायचा होता, त्याआधी एक छानसा फोटो हवा होता.

"ऑफिसात याला शहाणं बाळ म्हणतात," मुलगी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"शहाणं कशावरून?"

"रडत नाही. उठत नाही."

शिंपीणबाईंनी दोन मुलं वाढवली होती. "रडत नाही त्या बाळाच्या नाकाशी आधी बोट धरून बघतात, बाई," त्या म्हणाल्या.

मुलीने वाकून बघितलं. यंत्राचा पाण्याकडे बघणारा डोळा दिसतच नव्हता. त्याच्यावर केसांचा, चरबीचा आणि कसल्याशा चिंध्यांचा मुठीएवढा गोळा बसला होता, थिजलेला, वरून चकचकीत. वर्षभर यंत्र इमानाने तोच गोळा मोजत होतं. गोळा हलत नव्हता, म्हणून पातळी बदलत नव्हती, म्हणून गल्ली हिरवी होती.

तिने हातमोजे आणले नव्हते. फोटो काढायला हातमोजे कशाला लागतात? तिने श्वास रोखला, हात घातला आणि ओढलं. गोळा सुटताना चिखलातून बूट निघावा तसा आवाज झाला. शिंपीणबाईंनी कटिंगच्या मापाचा जुना कागद पुढे केला, गोळा त्यावर ठेवून घेतला आणि पायरीवर नेऊन ठेवला. मग दोघींनी झाकण होतं तसं बसवलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

दहा मिनिटांत मुलीचा फोन वाजला. तिचे हात तसले, म्हणून शिंपीणबाईंनीच तो तिच्या खिशातून काढला आणि स्पीकर लावून धरला.

"अगं, शहाणं बाळ बिघडलं की काय?" साहेब म्हणाले. "दहा मिनिटांत पाच निरोप. नव्व्याण्णवचे अठ्ठ्याण्णव झाले."

"गल्ली लाल झाली का, सर?"

"लालभडक. गाडी निघाली, ते होईल. पण उद्या मला हे सगळ्यांसमोर दाखवायचंय. तू त्याला हात लावलास?"

मुलीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मनगटापर्यंत काळा झाला होता, नखांत केस अडकले होते.

"लावला," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं होतं? निघायच्या आधी पुन्हा होतं तसं करून ठेव."

शिंपीणबाईंनी फोन आपल्या तोंडाशी नेला.

"साहेब, तो गोळा मी जपून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच या बसवायला."