कुंपणावरची वेल

झाडपाल्यातलं कोणतं रसायन कॅन्सरच्या प्रथिनाला चिकटून त्याला रोखेल, हे नेत्रा सात महिने कॉम्प्युटरवर शोधत होती. चार हजार वनस्पतींतून पहिला नंबर आला तो कोन गावातल्या तिच्याच घराच्या कुंपणावरच्या रानवेलीचा! हरखून तिने आधी वडिलांना सांगितलं आणि लगेच बजावलंही, "बाबा, हे नुसतं कॉम्प्युटरचं म्हणणं आहे. पानं प्रयोगशाळेत तपासायचीत अजून. तोवर कुणाला बोलू नका."

तिचा बाप रघू दापोड्याच्या गोदामात हमाल. पाठीवर क्विंटलभर ओझं पेलणाऱ्या त्या माणसाला लेकीचं कौतुक काही पोटात पेलवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं, तेही एकालाच.

रविवारी नेत्रा पानं तोडायला गेली, तर वेलीच्या नुसत्या काड्या उरलेल्या. अख्ख्या आळीने रस काढून प्यायला होता.

ती धावत रघूकडे आली. "बाबा, एवढ्या लोकांना कॅन्सर झालाय?"



"एकालाबी न्हाय," रघू अभिमानाने म्हणाला, "म्हणून तर सगले बोलतान, चार दिसांत गुण आला!"