येतानी मार

पहिला ठोसा केवलरामच्या जबड्यावर बसला तेव्हा बस पिपरियाहून निघून पचमढीच्या घाटाला लागली होती. दुसरा कानाखाली बसला. भजन मध्येच तुटलं. भजन सांगणाऱ्या भैय्यालाल महाराजांचा हात खंजिरीवर तसाच थांबला.

केवलरामनं हात उचलला नाही. त्याच्या दोन्ही हातांत नवसाचा त्रिशूल होता. माणसाच्या उंचीचा, लोखंडी, शेंदूर माखलेला. गाव सोडल्यापासून महादेवाच्या डोंगरावर चढेपर्यंत हा त्रिशूल जमिनीला टेकवायचा नसतो. सालेकशाहून गोंदिया, गोंदियाहून जबलपूर, जबलपूरहून पिपरिया, साऱ्या गाड्यांत केवलरामनं तो स्वतःच्या पायाच्या पंजावर उभा धरून आणला होता. पंजा सुजून काळानिळा झाला होता.

"आता हात उचलत नाही," उदाराम त्याच्या तोंडावर ओरडला. "माझ्या पोराच्या अंगावर टॅक्टर घालतानी कुठं होते रे हात?"

दोघं एकाच गावचे. एकाच भजनात मांडीला मांडी लावून बसणारे. तीन वर्षांमागं धानाची पोती भरलेला केवलरामचा ट्रॅक्टर वळणावर सुटला आणि उदारामचा प्रफुल सायकलसकट चाकाखाली आला. केवलरामनंच त्याला उचलून गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. पोलिसांनी त्याला तिथल्या पायरीवरूनच पकडून नेलं. प्रफुल तिसऱ्या दिवशी गेला. जाण्याआधी त्यानं एकदा डोळे उघडले, उदारामकडं पाहिलं आणि 'बा' म्हणाला. उदाराम तेवढ्यावर जगत होता. बांधावर, बाजारात, भेटेल त्याला तेवढंच सांगायचा.

जामिनावर असताना केवलरामला जिल्हा सोडायची परवानगी नव्हती. गेल्या महिन्यात कोर्टानं त्याला सोडलं. शिवरात्र आली तसा त्यानं त्रिशूल घडवून घेतला. गाव म्हणालं, सुटला म्हणून देवाचं देणं फेडाले चालला. उदारामनं ते ऐकलं, पिशवीत धान कापायचा विळा टाकला आणि त्याच गाडीत चढला.

तो विळा आता बाहेर आला.

पहिला वार केवलरामच्या कोपराखाली लागला. मांस उघडं पडलं. रक्त त्रिशुळाच्या दांड्यावरून ओघळून त्याच्या पायावर आलं. बाया किंचाळल्या. दुसरा वार मानेवरच यायचा, पण भैय्यालाल महाराजांनी उदारामला मागून कवेत धरलं. कोणीतरी विळा हिसकावला आणि खिडकीतून दरीत भिरकावला. उदारामनं मग डोक्यानं धडक दिली. केवलरामचं नाक फुटलं. तो सीटवर कोसळला, पण त्रिशूल त्यानं छातीशी वर धरून ठेवला.

"महादेवाच्या वाटेवर रक्त सांडून राहिला, उदाराम," भैय्यालाल महाराज धापा टाकत म्हणाले. "मरशीन तवा काय तोंड दाखवशीन?"

"त्यानं माझ्या पोराले दाखवलं तेच."

कंडक्टरनं शिट्टी मारून बस थांबवली. "दोनों को यहीं उतारो. मेरी गाडी में खून-खराबा नहीं चलेगा."

"त्याले नका उतरवू." केवलरामनं तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "येऊ द्या त्यालेबी. उदाराम, जातानी नको मारू. येतानी मार. तवा माझे हात मोकळे राहतीन. तरी नाही उचलणार."

"नवस कायचा बोलला होता तेवढं सांग."

"फेडल्याशिवाय नवस तोंडातून काढत नाही. तुले ठाऊक आहे."

उदाराम खाली बसला. घाटभर त्यानं केवलरामवरची नजर काढली नाही. बस पुन्हा चढू लागली. भजन मात्र कोणी उचललं नाही.

डोंगर चढतानाही तो केवलरामच्या मागं होता, पळून जाऊ नये म्हणून. केवलरामचा हात दुपट्ट्यात बांधलेला होता, दुपट्टा लाल होत होता. पायऱ्यांवर तो दोनदा गुडघ्यांवर पडला. दोन्ही वेळा त्रिशूल वर राहिला. उदारामनं हात दिला नाही. वर पोचल्यावर केवलरामनं तो हजारो त्रिशुळांत रोवला, कपाळ टेकलं आणि बराच वेळ उठला नाही. उदारामनं देवालाही हात जोडले नाहीत.

परतीच्या गाडीत बालाघाट मागं पडलं. डब्यात यात्रेची माणसं थकून पेंगत होती. बाहेर दुपारचं ऊन धानाच्या रिकाम्या बांध्यांवर पसरलं होतं. केवलराम आपणहून उठला, लंगडत उघड्या दारापाशी गेला आणि बाहेरच्या बाजूला पाठ करून उभा राहिला. दांडी त्यानं धरली नाही.

"आता मार."

उदाराम त्याच्यासमोर आला. त्यानं केवलरामच्या छातीवर पंजा ठेवला. नुसता रेटा पुरला असता. गाडी पुलाकडं धावत होती.

"केस सुटावी म्हणून बोलला होता ना?"

"तवा केस कुठं होती?" केवलराम म्हणाला. "दवाखान्याच्या पायरीवर बोललो. डॉक्टर म्हणे, पोरगा वाचत नाही. मंग जीव मागाले मले तोंड नव्हतं. एवढंच म्हटलं, महादेवा, त्यानं एकडाव डोळे उघडून बापाले हाक मारावी."

चाकांखाली पूल धडधडू लागला. उदारामनं त्याच्या सदऱ्याची मूठ आवळली आणि त्याला आत ओढलं.