सोळानंतर अठरा

मथुराने संगणकाच्या काळ्या पडद्यावर दरवर्षीसारखी ओळ टाईप केली: "आठवण कर. १७ ऑगस्ट. कारखान्याच्या गेटवर बसणे." एंटर दाबलं. उत्तर आलं: "अशी तारीख अस्तित्वात नाही."

"काय म्हणतंय गं मेलं?" थोरल्या जावेने, शेवंताने विचारलं. दोघींचे नवरे त्याच तारखेला, त्याच कारखान्यात वायूने गुदमरून गेले होते.

"तारीखच काढून टाकली, आक्का. यंदापासून सोळानंतर थेट अठरा. घड्याळं सगळी सरकारी उपग्रहाच्या ताब्यात, आपल्याला कोण विचारतंय?"

"अन् कोर्टाने धरणं धरून बसायला दिलेला तो एकच दिवस?"

"तोच तर नको होता त्यांना."

"मग आपली माणसं मेली कधी?"

मथुराने मृत्यूचे दाखले उघडले. तारखेची जागा कोरी होती. कारखान्याच्या हजेरीपटावर दोघे नुसते गैरहजर होते, आजतागायत.

मग तिने ओळीतली तारीख खोडली, त्या जागी "रोज" लिहिलं आणि एंटर दाबलं. यंत्राने निमूट मान्य केलं.

"सतरंजी काढून ठेवा, आक्का."

"रोज बसलो तर पोलीस येतील की."

"येऊ देत. त्यांनाही रोज यावं लागेल."