परत या ना!

अण्णा जिन्यात पडले, तेव्हा घरातून त्यांचा फोन लेकीला लागलाच नाही. म्हणून तिने फोनची कंपनीच बदलली. "आम्हाला सोडून जाऊनच दाखवा," असं जुन्या कंपनीचा साहेब टीव्हीवर छातीठोक सांगायचा.

आज अण्णांचं ऑपरेशन होतं. "खाली थांबा, फोन करू," असं डॉक्टर म्हणाले होते. फोन वाजला की तिच्या काळजात धस्स व्हायचं, आणि निघायचा जुन्या कंपनीचाच माणूस. "ताई, परत या ना!"

पुन्हा अनोळखी नंबर. तिने झटकन उचलला. पलीकडे कुणी बोलेना, तशी ती ओरडलीच, "पिच्छा सोडा माझा! मेले समजा मी!"



नर्सबाईंच्या फोनवरून अण्णांचा क्षीण आवाज आला, "अगं, तू कशाला मरतेस? मी वाचलोय. वर ये."