पाचव्या रॉकेटचा व्हॉल्व्ह

"ताई, आमच्या ह्यांनी ज्याचं काम केलं, ते पाचवं रॉकेट कोणतं गं?" फुसाएबाईंनी विचारलं, आणि गाइड चिहो नकळत दोन पावलं सरकून रॉकेटची माहिती लिहिलेल्या पाटीसमोर उभी राहिली.

उड्डाणतळ दाखवून झाला होता. समुद्राकाठचा मनोरा, नियंत्रण कक्ष, सगळं. ही शेड शेवटची. आत एक अख्खं रॉकेट आडवं ठेवलेलं होतं आणि बसमधली बाकीची माणसं त्याच्या शेपटाशी उभी राहून फोटो काढत होती. हेच पाचवं. चौथं समुद्रात पडलं, योजना गुंडाळली गेली, आणि हे तयार होऊनही कधी उडालं नाही. चिहो रोज हे तीन वाक्यांत सांगायची. आज ते सांगायचं अजून बाकी होतं.

फुसाएबाई ओसाकाहून एकट्याच आल्या होत्या. बसमध्ये त्यांनी सगळ्यांना गोळ्या वाटल्या, ड्रायव्हरलासुद्धा. शेडमध्ये शिरताना म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आमच्या ह्यांच्यासारखंच. रविवारी असेच आडवे." सगळे हसले होते.

आता त्यांनी पर्समधून एक जुना फोटो काढला. लेथजवळ उभा असलेला किडकिडीत माणूस, तळहातावर मुठीएवढा व्हॉल्व्ह.

"हे माझे यजमान, तेत्सुरो. घरामागेच वर्कशॉप होतं. पाचव्या रॉकेटसाठी हा व्हॉल्व्ह ह्यांनी केला. तीन महिने खपत होते. गेल्या महिन्यात वारले." त्यांनी हातातल्या रुमालाने फोटो पुसला आणि वर पाहिलं. "तो वर गेला ना गं?"

चार वर्षांत चिहोने कुणाला चुकीचा आकडासुद्धा सांगितला नव्हता.

"गेला की," ती म्हणाली. "अगदी व्यवस्थित गेला. अजून फिरतोय वर. आकाश स्वच्छ असलं तर दिसतोही, बारीक ताऱ्यासारखा."

फुसाएबाईंनी फोटो पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"ती पाटी मी आत येतानाच वाचली, पोरी."

चिहोचे कान तापले. ती कमरेत वाकली. "माफ करा. मी असं बोलायला नको होतं."

"सरळ उभी राहा. रागावले नाही मी." भिंतीशी बाक होता, त्यावर त्या बसल्या आणि शेजारची जागा थोपटली. चिहो बसली.

"आमची आकाने सात वर्षांची होती. रक्ताचा आजार. दवाखान्यात पडून रोज विचारायची, बाबांचा व्हॉल्व्ह कधी उडणार? योजना बंद झाल्याचं पत्र आलं, त्याच दिवशी हे तिच्याकडे गेले आणि म्हणाले, उडाला. पोर दिवसभर खिडकीतून वर बघत होती. आठ दिवसांनी गेली."

शेपटाकडून कुणीतरी चिहोला हाक मारली. ती उठली नाही.

"मी ह्यांना कधी माफ केलं नाही. म्हटलं, मरणाऱ्या लेकराला फसवलंत तुम्ही. तीस वर्षं एका घरात राहिलो, एका ताटलीतलं लोणचं खाल्लं. पण ह्यांनी तिचं नाव काढलं की मी उठून जायचे. मग तेही काढेनासे झाले."

"आणि आज?"

"आज तुला मुद्दाम विचारलं. बघू म्हटलं, दुसरं कुणी काय करतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "एवढंच सांग. का खोटं बोललीस? मी तुझी कोण?"

चिहोने विचार केला. चांगलं वाटावं म्हणून काही सांगणं आता शक्य नव्हतं.

"ठरवलं नव्हतं काही. तुम्ही अशा बघत होतात की... दुसरं तोंडातून निघेचना."

फुसाएबाईंनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. रुमाल मांडीवर तसाच पडला होता आणि डोळे पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"'तिने असं पाहिलं की...' तेव्हा हेही एवढंच बोलले होते," त्या म्हणाल्या. "मी पुढचं बोलूच दिलं नाही."