साबणाचा वास

जुन्या लढायांचे खेळ करणाऱ्या मंडळींच्या छावण्यांसाठी तो तंबू शिवायचा. कापड आगरोधक औषधात भिजवून कडक वाळवायचा आणि गिऱ्हाइकांना बजावायचा, "तंबू धुऊ नका, औषध उतरतं." घरी हे सांगायची वेळ कधी आली नव्हती. अशाच एका छावणीत शेकोटीची ठिणगी उडाली आणि त्याचा मुलगा तंबूसकट जळाला. आज बायकोने उरलेला तुकडा त्याच्यापुढे टाकला. "तुमचे तंबू पेटत नाहीत ना? मग माझ्याच लेकराचा कसा पेटला?" तुकडा मऊ लागला, साबणाचा वास आला. म्हणजे पोराला औषधाच्या वासाने शिंका यायच्या म्हणून तिनेच तंबू धुतला होता. "त्याच्या तंबूला औषध लावायचं राहिलंच माझ्याकडून," तो म्हणाला. "जगाची पोरं आठवली, पोटचा विसरलात!" ती दार आपटून आत गेली. त्याने तुकडा साबणाचा वास मरेपर्यंत औषधात बुडवून धरला.