चाकापुढचं लिंबू

बसा हो, त्या जुन्या गाडीच्या फूटबोर्डावरच टेका ऐसपैस. हिचीच गंमत सांगतो.

धायरीच्या आपल्या रंगनाथरावांनी या शेडमध्ये जुन्या मोटारी जमवल्या, चावीवर वाजणाऱ्या पेट्या जमवल्या. त्यातलं निम्मं बंद. हिचं तर इंजिनच स्वारगेटच्या मेकॅनिककडे पडलेलं. शेवटी त्यांच्या बायकोनं, उल्काताईंनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत ही जागची हलली नाही, तर भंगारात जाईल."

दसऱ्याला रंगनाथरावांनी सगळ्या गाड्यांना हार घातले आणि सवयीनं हिच्याही चाकापुढं लिंबू ठेवलं.

"अहो, इंजिन नाहीये तिला," उल्काताई म्हणाल्या. "लिंबू काय सरबताला ठेवलंत?"

रंगनाथरावांनी हिच्या टपावर हात ठेवला. निरोपच घेत होते म्हणा ना.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक पेटी वाजायला लागली. तिची स्प्रिंग कधीचीच तुटलेली.

"बंद करा ते."

"मी कुठं चालू केलीय?"

दोघं पेटीकडं बघत राहिले. पेटी आपली आपण थांबली, आणि मागं वळून बघतात तर लिंबाचा पार चेंदा झालेला. रस उल्काताईंच्या चपलेवर उडाला होता.

त्यांनी शांतपणे चप्पल पुसली. "हलली. राहू दे." तेव्हापासून उल्काताई इथं पाऊल टाकत नाहीत, पण हिच्यासाठी रोज हार पाठवतात.

कोपऱ्यात वाजतंय ते ऐकू येतंय ना तुम्हाला? मग एवढं करा, चाकापुढचा पाय काढून घ्या.